बागेतल्या आणि बंदरावरच्या परगावच्या मुलांसाठी बालहक्क करारनामा कसा वापरावा

दिवाळी आटोपली की रत्नागिरी, राजापूर, देवगडकडच्या आंबा बागांत नेपाळी कुटुंबे येऊन राहू लागतात. फवारणी, राखण आणि मग काढणी करीत ती पहिल्या पावसापर्यंत थांबतात, आणि तोवर बागेतला मांगर, म्हणजे राखणदाराची खोपटी, हेच त्यांचे घर असते. चिरेखाणींवर कर्नाटकातून, विशेषतः विजापूरच्या बाजूने, मजूर आलेले असतात. बंदरांवर १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदी संपली की बाहेरगावचे खलाशी होड्यांवर दाखल होतात. या मोठ्या माणसांबरोबर मुलेही येतात. वानर हाकताना, पाण्याची कळशी नेताना, जेटीवर मासळी निवडताना ती गावाला रोज दिसतात. पण शाळेच्या पटावर, अंगणवाडीच्या नोंदवहीत किंवा ग्रामपंचायतीच्या दप्तरात त्यांचे नाव नसते, आणि म्हणून त्यांची चौकशी करणे हे कोणाचेच काम ठरत नाही.

मी या पट्ट्यातल्या प्राथमिक शाळांत बरीच वर्षे शिकवले आहे. अशा मुलांसाठी काय करता येते, कोणत्या कायद्याचे कोणते कलम पुढे करावे लागते आणि कोणाच्या टेबलावर अर्ज ठेवावा लागतो, हे मला तुकड्यातुकड्याने कळत गेले. ते शिक्षक, अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील, बागायतदार किंवा नुसताच शेजारी असलेल्या माणसाला एका जागी मिळावे, म्हणून हे लिहीत आहे.

आधी एक शब्द नीट वाचावा

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २० नोव्हेंबर १९८९ रोजी बालहक्क करारनामा मंजूर केला आणि २ सप्टेंबर १९९० पासून तो अमलात आला. भारत ११ डिसेंबर १९९२ रोजी त्यात सामील झाला; नेपाळने त्याआधीच, १४ सप्टेंबर १९९० रोजी, त्याला मान्यता दिली होती. करारनाम्यात ५४ अनुच्छेद आहेत, पण आपल्या कामासाठी सातच पाठ असले तरी पुरे. अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे, असे पहिला अनुच्छेद सांगतो. तिसरा सांगतो की मुलाविषयीचा कोणताही निर्णय घेताना त्याचे हित प्राधान्याने पाहावे. सातवा जन्मनोंदणीचा, बारावा मुलाचे म्हणणे ऐकून घेण्याचा, अठ्ठाविसावा शिक्षणाचा आणि बत्तिसावा आर्थिक शोषणापासून संरक्षणाचा आहे.

राहिला दुसरा अनुच्छेद, आणि माझ्या मते आपल्याकडच्या परिस्थितीत सर्वांत मोलाचा तोच आहे. हे हक्क कोणाला मिळावेत, हे सांगताना त्यात ‘नागरिक’ हा शब्द वापरलेला नाही. राज्याच्या अधिकारक्षेत्रात असलेल्या प्रत्येक बालकाला, वंश, भाषा, राष्ट्रीय मूळ किंवा जन्म यांवरून कोणताही भेद न करता, हे हक्क मिळाले पाहिजेत असे तो म्हणतो. देवगडच्या बागेत राखणीला आलेल्या माणसाची मुलगी आज भारताच्या अधिकारक्षेत्रात आहे, आणि एवढे तिच्यासाठी पुरेसे आहे. आपला शिक्षण हक्क कायदा, २००९ हाही सहा ते चौदा वर्षांच्या ‘प्रत्येक बालकाला’ मोफत व सक्तीचे शिक्षण देतो. बालकाची व्याख्या करताना त्याने नागरिकत्वाची अट घातलेली नाही. ‘ही मुले आपली नाहीत’ असे कोणी म्हणाले, तर या दोन मजकुरांवर बोट ठेवून शांतपणे उत्तर देता येते.

हा करारनामा गावात चालतो का

ही शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर नेमके माहीत असले पाहिजे. करारनाम्याखाली तज्ज्ञांची १८ सदस्यांची एक समिती जिनिव्हा येथे काम करते. ती राष्ट्रांनी पाठवलेले अहवाल तपासते. एखाद्या मुलाच्या वतीने थेट त्या समितीकडे तक्रार करण्याची सोय २०११ च्या तिसऱ्या ऐच्छिक पूरक कराराने केली, परंतु भारत त्या पूरक करारात सामील झालेला नाही. त्यामुळे जिनिव्हाला पत्र लिहून आपल्या वाडीतल्या मुलाला शाळेत प्रवेश मिळणार नाही, हे आधीच समजून घ्यावे आणि तिथे वेळ घालवू नये.

करारनाम्याचा उपयोग होतो तो इथल्या कायद्यांतून. बालहक्क संरक्षण आयोग अधिनियम, २००५ याने ‘बालहक्क’ या शब्दाची व्याख्या करताना हा करारनामाच आपल्या पोटात घेतला आहे. म्हणजे राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे तक्रार करताना ‘अनुच्छेद २ चा भंग झाला आहे’ असे सरळ लिहिता येते आणि आयोगाला त्याची दखल घेण्याचा अधिकार आहे. बालन्याय अधिनियम, २०१५ आणि लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२, म्हणजेच पोक्सो, या दोन्ही कायद्यांच्या प्रस्तावनेत या करारनाम्याचा उल्लेख आहे. देशातला कायदा जिथे मुका असेल तिथे, मूलभूत हक्कांशी विसंगत नसलेला आंतरराष्ट्रीय करार विचारात घेता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ च्या विशाखा निकालात सांगितले आहे. म्हणून अर्जात आधी इथल्या कायद्याचे कलम लिहावे आणि त्याखाली करारनाम्याचा अनुच्छेद लिहावा. क्रम उलटा केला, तर अर्ज घेणाऱ्याला तो आपल्या कामाबाहेरचा वाटतो, असा माझा अनुभव आहे.

शाळेत नाव घालणे

सर्वांत आधी मुलाशी बोलावे. बाराव्या अनुच्छेदाचा हा अर्थ मला एका नऊ-दहा वर्षांच्या मुलीने शिकवला. बागेत जाऊन मी तिच्या वडिलांशी बोललो. त्यांनी मान हलवली, ‘पाठवतो’ म्हणाले, आणि पुढचे आठ दिवस ती आली नाही. वडील टाळत आहेत असे मी धरून चाललो होतो. मग शाळेतल्या बाई एकट्या गेल्या आणि मांगराच्या पायरीवर तिच्याशेजारी बसल्या. तिच्या कमरेवर धाकटा भाऊ होता. शाळेचे विचारल्यावर ती म्हणाली, ‘भाइलाई कसले हेर्छ?’ भावाला कोण बघणार? आईवडील दोघेही पहाटेपासून झाडांवर असत, आणि तिचा प्रश्न एवढाच होता. भाऊ तीन वर्षांचा झालेला होता. दुसऱ्या दिवशी त्याचे नाव शाळेलगतच्या अंगणवाडीत घातले आणि ती त्याला घेऊनच शाळेत आली. मोठ्यांशी शंभर वेळा बोलून जे कळले नसते, ते तिला विचारल्यावर एका वाक्यात कळले. म्हणून प्रवेशाच्या कागदाला हात लावण्यापूर्वी, आईवडिलांपासून थोडे बाजूला, शक्यतो स्त्रीने, मुलाला समजेल अशा भाषेत दोन प्रश्न विचारावेत: यावेसे वाटते का, आणि आलीस तर घरी काय अडेल.

कागदांची अडचण बहुतेक वेळा असते त्याहून मोठी करून सांगितली जाते. वयाचा पुरावा नाही म्हणून कोणत्याही बालकाला प्रवेश नाकारता येत नाही, असे शिक्षण हक्क कायद्याचे कलम १४ सांगते. रुग्णालयाची किंवा अंगणवाडीची नोंद चालते, आणि तीही नसेल तर पालकाने वयाबाबत लिहून दिलेली घोषणा चालते. कलम ४ नुसार कधीच शाळेत न गेलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात बसवून विशेष प्रशिक्षण द्यायचे असते. दहा वर्षांच्या मुलाला पहिलीत बसवणे हा त्यावरचा उपाय नव्हे. दुसऱ्या शाळेचा दाखला यायला उशीर होतो आहे हे कारण कलम ५ मुळे चालत नाही, आणि वर्ष अर्ध्यावर आले आहे हे कारण कलम १५ मुळे चालत नाही. आधार कार्डाविषयी सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात स्पष्ट केले आहे की शालेय प्रवेशासाठी ते सक्तीचे करता येणार नाही.

नेपाळी कुटुंबांकडे पुष्कळदा कागद असतो, पण आपल्याला तो वाचता येत नाही. त्याला तिकडे ‘जन्मदर्ता’ म्हणतात. लिपी देवनागरीच असल्यामुळे नाव सहज लागते, मात्र जन्मवर्ष २०७३ असे पाहून कारकून कागद बाजूला सारतो. ते वर्ष विक्रम संवताचे आहे. नेपाळचे वर्ष वैशाखात, म्हणजे एप्रिलच्या मध्याला, सुरू होते. तारीख वैशाखापासून साधारण पौषाच्या मध्यापर्यंतची असेल तर वर्षातून ५७ वजा करावेत, त्यानंतरची असेल तर ५६. म्हणजे २०७३ च्या भाद्र महिन्यातला जन्म हा २०१६ सालचा, आणि त्याच वर्षाच्या फागुनातला जन्म हा २०१७ सालचा. हा हिशेब एका चिठ्ठीवर मांडून अर्जाला टाचून द्यावा.

अर्ज तोंडी करू नये. पालकाच्या अंगठ्याने किंवा सहीने, दोन प्रतींत, असा लिहावा:

‘प्रति, मुख्याध्यापक, जिल्हा परिषद शाळा. माझी मुलगी, वय सुमारे नऊ वर्षे, हिला शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम ४ नुसार वयानुरूप वर्गात प्रवेश मिळावा, ही विनंती. तिच्या वयाबाबतची माझी घोषणा सोबत जोडली आहे. कलम १४ नुसार वयाच्या अन्य पुराव्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही. भारताने ११ डिसेंबर १९९२ रोजी स्वीकारलेल्या बालहक्क करारनाम्याच्या अनुच्छेद २ व २८ नुसारही तिला हा हक्क आहे. प्रवेश दिल्यास पटावरील क्रमांक आणि न दिल्यास नकाराचे कारण लेखी मिळावे.’

शेवटचे वाक्य गाळू नये. तोंडी नकार सोपा असतो. कारण लिहून द्यायची वेळ आली की बहुधा मार्ग निघतो. एका शाळेत मला ‘एप्रिलपर्यंत थांबा, मग पाहू’ असे सांगण्यात आले होते. लेखी उत्तर मागितल्यावर त्याच आठवड्यात नाव पटावर आले.

नकार कायम राहिला तर केंद्रप्रमुखांना सांगून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्यावी. कलम ३२ नुसार स्थानिक प्राधिकरणाने अशी तक्रार तीन महिन्यांत निकाली काढायची असते, आणि त्यावरचे अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे जाते. तीन महिने म्हणजे आंब्याचा जवळजवळ अख्खा हंगाम, हे लक्षात घेऊन पहिल्याच दिवशी तक्रारीची एक प्रत आयोगालाही पाठवावी.

मूल काम करताना दिसले तर

इथे आधी फरक ओळखावा लागतो, कारण चुकीच्या तक्रारीने गरीब घराला त्रास होतो आणि खऱ्या तक्रारीचेही वजन जाते. बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली. तिच्यानुसार चौदा वर्षांखालील मुलाला कोणत्याही कामावर ठेवता येत नाही. अपवाद आहे तो घरच्या धोकादायक नसलेल्या धंद्यात, शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत, हातभार लावण्याचा आणि बालकलाकारांचा. एखाद्या कोळ्याचा मुलगा संध्याकाळी अंगणात आजीला सुकट उलटवायला मदत करतो, यात गुन्हा नाही. पण दुसऱ्याच्या बागेत मजुरीवर असलेल्या बापाबरोबर मूल दिवसभर पेट्या भरते किंवा दुसऱ्याच्या शेडमध्ये आईबरोबर कोळंबी सोलते, तेव्हा ‘घरच्यांबरोबरच तर आहे’ ही सबब लागू पडत नाही, कारण तो धंदा त्या कुटुंबाचा नाही. चौदा ते अठरा वयाच्या मुलांना धोकादायक कामांवर बंदी आहे आणि त्या यादीत खाणकाम स्पष्टपणे आहे. म्हणून चिरेखाणीत चिरे उचलणारा सोळा वर्षांचा मुलगाही कायद्याच्या संरक्षणात येतो. मालकाला सहा महिने ते दोन वर्षे कैद, किंवा २०,००० ते ५०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. आईवडिलांना मात्र पहिल्या वेळी शिक्षा नाही. हे त्यांना आवर्जून सांगावे, कारण पोलिसांच्या भीतीने कुटुंब रातोरात निघून गेले की मूल पुढच्या गावी तेच काम करू लागते.

बत्तिसाव्या अनुच्छेदाची अंमलबजावणी आपण टप्प्याटप्प्याने करू, असे भारताने १९९२ मध्ये जाहीर केले होते. त्यानंतर १३ जून २०१७ रोजी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे किमान वयाविषयीचे १३८ क्रमांकाचे आणि बालमजुरीच्या अत्यंत वाईट प्रकारांविषयीचे १८२ क्रमांकाचे करार भारताने मान्य केले. आता ‘हळूहळू होईल’ म्हणण्यास जागा उरलेली नाही, असे मला वाटते.

बागायतदार ओळखीचा असेल आणि मूल आईबापांजवळ सुखरूप असेल, तर आधी त्याच्याशी बोलून मुलाला शाळेत घालणे हा जवळचा रस्ता आहे, आणि अनेक बागायतदार तो मनापासून स्वीकारतात. परंतु मूल एकटे असेल, मारहाणीच्या खुणा असतील, मजुरी अडकवून ठेवलेली असेल किंवा होडीवर बारा-तेरा वर्षांचा पोरगा पालकांशिवाय खलाशी म्हणून नेला जात असेल, तर बोलणी करत बसू नये. १०९८ या मुलांसाठीच्या मोफत मदत क्रमांकावर, रात्री असो की पहाटे, लगेच फोन करावा. सांगताना मुलाचे अंदाजे वय, अंगावरचे कपडे, तो कोणते काम करीत होता, जेटीचे नाव, होडीवर रंगवलेला नोंदणी क्रमांक आणि ती समुद्रात कधी निघणार, एवढे सांगावे. शेवटची बाब सर्वांत महत्त्वाची, कारण होडी एकदा बाहेर गेली की पुढचे कित्येक दिवस हाती काही लागत नाही.

दया येऊन मुलाला स्वतःच्या घरी ठेवून घेणे योग्य नाही. पालकांपासून दुरावलेले मूल सापडल्यास २४ तासांच्या आत कळवणे बालन्याय कायद्याने बंधनकारक आहे, आणि प्रवासाचा वेळ सोडून तेवढ्याच मुदतीत त्याला जिल्ह्याच्या बालकल्याण समितीसमोर हजर करायचे असते. वयाचा वाद निघाला तर प्रथम शाळेचा किंवा परीक्षा मंडळाचा दाखला, तो नसल्यास जन्मदाखला आणि तोही नसल्यासच वैद्यकीय चाचणी, असा क्रम कलम ९४ मध्ये दिलेला आहे. तांडेल (होडीवरचा प्रमुख) किंवा मालक सांगतो ते वय हा पुरावा नव्हे. मुलाचा फोटो काढून वाडीच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकू नये. अशा मुलाची ओळख प्रसिद्ध करण्यास कलम ७४ ने मनाई केली आहे.

जे गावकीत मिटवायचे नाही

जमिनीची आणि वाटेची भांडणे गावकीच्या बैठकीत मिटतात, हे कोकणाचे चांगले वळण आहे. पण मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले किंवा तशी सार्थ शंका आली, तर तो विषय बैठकीत घेणे हाच अपराध ठरू शकतो. पोक्सोच्या कलम १९ नुसार अशी माहिती असलेल्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीने पोलिसांना कळवले पाहिजे, आणि न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मुलाला खोदून खोदून प्रश्न विचारू नयेत. त्याने जे सांगितले ते त्याच्याच शब्दांत, तारीख आणि वेळेसह लिहून ठेवावे आणि पुढचे काम पोलिसांवर सोपवावे. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो, आणि मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. नेपाळी किंवा कन्नडच बोलणाऱ्या मुलासाठी दुभाषा मागावा. ती कायद्यातली तरतूद आहे. ठेकेदार किंवा मुकादम यांना दुभाषा होऊ देऊ नये.

बालविवाहाची कुणकुण लागली तर ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीच्या ग्रामसेवकाला) लेखी कळवावे. ग्रामीण भागात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तोच असतो.

बागेत जन्मलेले मूल आणि पावसाआधीचा निरोप

मांगरात बाळंतपण झाले तर २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत जन्माची नोंद करावी. आईवडील परदेशी आहेत म्हणून ही नोंद अडत नाही. हा दाखला जन्म कोठे व केव्हा झाला एवढेच सांगतो, नागरिकत्वाविषयी काही सांगत नाही, हे ग्रामपंचायतीलाही समजावून द्यावे लागते. वर्ष उलटल्यावर हीच नोंद करण्यासाठी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, आणि तोवर ते कुटुंब कुठल्या कुठे गेलेले असते.

मे अखेरीस बागा रिकाम्या होऊ लागतात. मुले कोणालाही न सांगता जातात, आणि वर्षभर केलेले काम पटावरच्या ‘सतत गैरहजर’ या शेऱ्यात संपते. हे टाळायचे असेल तर १५ मेच्या सुमारास, सुट्टी असली तरी, एकदा बागेत जाऊन यावे. राज्यातल्या किंवा कर्नाटकातल्या कुटुंबाला कुठे जाणार ते विचारून शाळा सोडल्याचा दाखला तयार ठेवावा. राज्यातच दुसरीकडे जाणाऱ्या मुलाला शिक्षण हमी कार्ड द्यावे. नेपाळात शाळा वैशाखात सुरू होतात, म्हणजे मूल परत पोहोचेल तेव्हा तिथले वर्ष चालू झालेले असते. म्हणून त्याच्या हातात एक साधा कागद द्यावा: नाव, जन्मतारीख दोन्ही पद्धतींत, कोणत्या इयत्तेत किती दिवस हजर होते, वाचता-लिहिता काय येते, आणि खाली शाळेचा शिक्का व मुख्याध्यापकांचा फोन क्रमांक. मजकूर देवनागरीत असल्यामुळे तिथल्या शिक्षकालाही तो वाचता येईल. एक प्रत मुलाच्या वहीत घालावी, दुसरी आईजवळ द्यावी, तिसरी शाळेच्या फाईलीत ठेवावी आणि दिवाळीनंतर तेच कुटुंब परत आले की ती काढून त्यावरूनच पुढच्या वर्गात नाव घालावे.